दुसरे मूल कोणी ठरवायचे? एका निवृत्त शिक्षकांच्या पत्राला उत्तर

गुरुजी, आपले पत्र मिळाले. अमळनेर तालुक्यातील ज्या शाळेत आपण आयुष्यभर शिकवले, तिथे आता चार वर्गांत मिळून पंधरा मुले उरली आहेत. घरी मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात, नात पाच वर्षांची आहे आणि दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की सूनबाई स्पष्ट ‘नाही’ म्हणतात. पुतणीने तर लग्न ठरवतानाच मूल होऊ द्यायचे नाही असे सांगून टाकले आहे. आपण विचारता की मूल होऊ द्यायचे की नाही हा सर्वस्वी त्या बाईचा प्रश्न मानायचा काय, आणि तसे मानले तर पुढची पिढी घडवण्याची समाजाची जी जबाबदारी म्हणतात तिचे काय करायचे. पत्राच्या शेवटी आपण केळीच्या बागेचा दाखला दिला आहे: बुंध्याशी फुटलेले पील राखले नाही तर बाग संपते.

त्या पिलापासूनच सुरुवात करते. केळीच्या बुंध्याशी एकामागून एक पिले फुटत असतात आणि शेतकरी ती कोयत्याने कापत राहतो. केळ निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की त्यांतले एकच जोमदार पील राखतो आणि त्याला खत-पाणी वेळेवर देतो. किती पिले फुटली हे कोणी मोजत बसत नाही, राखलेल्या पिलाची काळजी मात्र सगळे घेतात. इथपर्यंत आपला दाखला मला मान्य आहे. त्याच्या पुढे तो चालत नाही, कारण खोडाला विचारावे लागत नाही आणि बाईला विचारावे लागते.

माझे उत्तर थोडक्यात सांगायचे तर मूल व्हावे की नाही, केव्हा आणि किती, हा निर्णय जिच्या शरीरात ते नऊ महिने वाढणार तिचा आहे. जन्मलेल्या मुलाची जबाबदारी मात्र तिच्या एकटीची नाही. ती बापाची, घराची, गावाची आणि सरकारची आहे. आपल्याकडे नेमके याच्या उलट चालते. निर्णयाला सगळे घर बसते आणि मूल झाले की रात्री उठायला ती एकटी असते. तीस वर्षांहून अधिक काळ खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत बाळंतपणे केल्यावर मी हे लिहिते आहे, त्यामुळे यात आपल्याला तत्त्वचर्चा कमी आणि केसपेपर जास्त सापडतील.

माझ्या खोलीत रोज घडणारी गोष्ट सांगते. समोर बसलेल्या बाईला मी विचारते, “तुम्हाला किती मुले हवी आहेत?” उत्तर सासूबाईंकडून येते, त्या नसतील तर नवऱ्याकडून. दोघेही नसतील तर बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहते. म्हणून मी बऱ्याच वर्षांपासून एक युक्ती ठेवली आहे. वजन आणि बीपी बघायचे आहे असे सांगून सगळ्यांना बाहेर बसवते, पडदा ओढते, आणि मग दोन मिनिटे मिळतात. साक्री तालुक्यातल्या एका बाईने त्या दोन मिनिटांत जे सांगितले ते मला अजून त्याच शब्दांत आठवते: “माले आते आखो नको. तुमीच सांगा त्यास्ले.” चार वर्षांत तीन बाळंतपणे झाली होती आणि हिमोग्लोबिन साडेसात होते. आपल्याला आणखी मूल नको हे तिला पक्के ठाऊक होते, पण तसे म्हणण्याचा अधिकार आपला आहे असे तिला वाटत नव्हते. डॉक्टरांच्या तोंडून निघाले तर घरात चालले असते. मी बाहेर जाऊन, रक्त फार कमी आहे, निदान तीन वर्षे थांबावे लागेल, असे सांगितले. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते, आणि अशी अर्धी खरी वाक्ये मी आजवर किती बोलले असेन याचा हिशेब नाही. तिच्या रक्ताची स्थिती बघता तांबी (कॉपर-टी) बसवणे योग्य नव्हते, कारण तांबीने पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो. तिला ‘अंतरा’चे गर्भनिरोधक इंजेक्शन दिले. ते तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे असते, सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि ते घेतले आहे हे बाहेरून कोणाला कळत नाही. हा शेवटचा गुण वैद्यकीय पुस्तकात ठळक अक्षरांत नसतो, पण आमच्याकडे बाया तो सर्वांत आधी विचारतात.

कायदा याबाबत घरापेक्षा पुढे गेला आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात सज्ञान स्त्रीचा गर्भपात करायला तिची एकटीची लेखी संमती पुरते; नवऱ्याची सही त्यात कुठेही मागितलेली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत आणि ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत अशी मुदत केली. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणात पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या त्या तरतुदीत धरले, आणि त्याआधी २००९ मध्ये याच न्यायालयाने मूल होऊ देणे किंवा न होऊ देणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे म्हटले होते. अर्थात आपला कायदा ‘मागेल तिला गर्भपात’ असा नाही, डॉक्टरचे मत त्यात लागतेच. नसबंदीच्या सरकारी निकषांतही जोडीदाराची संमती आवश्यक नाही. तरीही किती रुग्णालयांत ‘मिस्टरांची सही आणा’ म्हणून बाईला परत पाठवतात हे आपण एखाद्या आशा ताईला विचारून बघा. पुढे भांडण नको म्हणून डॉक्टर ती सही मागतात. तो कायदा नव्हे, भीती आहे, आणि त्या भीतीपायी बाईचे दिवस वाया जातात.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. त्या काळी कुटुंबनियोजनाला टार्गेट असे. १९९६ मध्ये ती पद्धत बंद झाली, पण तोवर मार्च महिना आला की नर्सबाईंपासून ग्रामसेवकापर्यंत सगळे ‘केस’ शोधत फिरत. दोन मुली असलेली एक चोवीस वर्षांची बाई नसबंदीच्या शिबिरात आली. ती का-कू करत होती. मी तिला शिकल्यासवरल्या माणसाच्या ठसक्यात समजावले: दोन मुली पुरे, मुलगा-मुलगी समान, देशाची लोकसंख्या बघा. माझे एकही वाक्य चुकीचे नव्हते. तिने अंगठा दिला. दीड वर्षाने धाकटी मुलगी कावीळ होऊन गेली आणि ती बाई नळी पुन्हा जोडता येते का हे विचारायला माझ्या दारात उभी राहिली. नळी जोडण्याची शस्त्रक्रिया होते. ती यशस्वी होईलच असे नसते, कारण किती नळी शिल्लक आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि त्या काळी ती करणारे सर्जन शोधायला मोठ्या शहरात जावे लागे. तिच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. ती माझ्यावर रागावलीही नाही. ‘मॅडम, तुम्ही म्हटल्या होत्या ना’, एवढेच बोलली. त्या दिवसापासून ‘समाजासाठी’ हा शब्द कोणत्याही बाईच्या पोटाबाबत वापरताना माझी जीभ अडखळते, मग तो शब्द मूल थांबवण्यासाठी वापरायचा असो की होऊ देण्यासाठी.

आणि समाज दोन्ही बाजूंनी बोलतो, हेही आपल्या पिढीने पाहिले आहे. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश होता. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि त्याबद्दल त्यांना समाजाने जे सोसायला लावले ते आपण जाणता. आणीबाणीत वारे फिरले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचे विधेयक मंजूर केले, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते मागे पडले. पुढे दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्याला ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येणार नाही असे ठरले, आणि २००५ मध्ये सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट लागली. उमेदवारी टिकावी म्हणून तिसरे मूल भावाच्या नावावर दाखवणारी घरे मला माहीत आहेत. त्या मुलाला जन्म देणारीला कोणी विचारले नव्हते हे वेगळे सांगायला नको. आणि आता, आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये अशीच दोन अपत्यांची अट काढून टाकली असताना, जास्त मुले व्हावीत असा उपदेश सुरू झाला आहे. एकाच बाईच्या आयुष्यात तिला आधी ‘थांब’ आणि मग ‘आण’ असे सांगितले जाते, जणू ती शेताच्या बांधावरची पाण्याची मोटार आहे.

आपली खरी काळजी लोकसंख्या घटण्याची आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात त्याला एकूण प्रजननदर म्हणतात. तो साधारण २.१ असला तर लोकसंख्या पिढ्यानपिढ्या तितकीच राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. म्हणजे आपली शंका निराधार नाही. मात्र दर खाली आला म्हणून माणसे लगेच कमी होत नाहीत, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतील तरुण स्त्रिया अजून मूल होण्याच्या वयात आहेत आणि माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगतात. आपल्या शाळेचा पट पंधरावर आला याचे कारण एकट्या प्रजननदरात शोधू नका. सकाळी साडेसातला आपल्या चौकातून पिवळी बस किती मुले घेऊन तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, आणि पुणे, नाशिक, सुरतेला किती कुटुंबे गेली, हे एकदा मोजून पाहा.

दर वाढवायचा म्हटला तरी तो हुकमाने वाढत नाही. रुमानियात १९६६ मध्ये सरकारने गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म दुपटीच्या आसपास गेले, नंतर लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि आकडा पुन्हा खाली आला. चोरून केलेल्या गर्भपातांत बाया मरत राहिल्या आणि नको असलेली मुले अनाथालयांत साठली. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळल्यावर जी फर्माने पहिल्या काही दिवसांतच रद्द झाली, त्यांत हे एक होते. दक्षिण कोरियाने उलट वाट धरून पैसे, सवलती, भत्ते सगळे देऊन पाहिले; तिथला दर २०२३ मध्ये ०.७२ होता. नोकरीचे तास, घरांच्या किमती आणि घरकामाची वाटणी तशीच ठेवून नुसता भत्ता दिला तर बायका तो हिशेब आपल्यापेक्षा चांगला करतात.

जळगावकरांनी लोकसंख्येची चिंता करताना आणखी एक आकडा समोर ठेवावा असे मला वाटते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. शेजारच्या नंदुरबारमध्ये, जिथे दवाखाने कमी, रस्ते कमी आणि शिक्षणही कमी, तिथे तो आकडा ९४४ होता. या कमी पडलेल्या मुली न जन्मण्याचा निर्णय ‘समाजाने’ घेतला होता. सुपीक पट्ट्यातील, ठिबक आणि ट्रॅक्टर असलेल्या, सोनोग्राफीचे पैसे देऊ शकणाऱ्या समाजाने घेतला होता. त्या पिढीतले मुलगे आता लग्नाच्या वयाला येत आहेत आणि मुलगी मिळत नाही म्हणून परराज्यात मध्यस्थ धाडणारे बापही माझ्याकडे बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला येतात.

इथे आपण मला अडवू शकता, की गर्भलिंगनिदान मागणारी बाई तीच, मग तो तिचा निर्णय का मानायचा नाही? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते मूल हवे की नको हे ठरवणे तिचे, पण कोणते मूल हवे हे ठरवण्याचा हक्क कोणाचाच नाही, तिचाही नाही. शिवाय ‘तिने मागितले’ म्हणजे काय हे पडद्यामागच्या दोन मिनिटांत कळते. दुसरी मुलगी झाली तर घरात आपले काय होईल हे तिला माहीत असते. १९९४ च्या कायद्याने हे ओळखले आहे: गर्भलिंगनिदान झाले तर नवऱ्याने आणि नातेवाइकांनी तिला भाग पाडले असे गृहीत धरले जाते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करणे त्यांच्यावर असते.

याहून अवघड प्रसंग सातपुड्यात येतात. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. एकदा धडगावकडचे एक जोडपे आले. पहिला मुलगा सिकलसेलचा रुग्ण, वारंवार हातपाय दुखून तळमळणारा, आणि बाई पुन्हा दोन महिन्यांची गरोदर. आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण आजाराचा अंश मुलाला देऊ शकणारे. मी टेबलावर मक्याचे दाणे मांडले, आईचे दोन, बापाचे दोन, प्रत्येकाचा एक काळ्या शाईने रंगवलेला; काळा दाणा म्हणजे आजाराचा अंश. दर वेळी दोघांकडून एकेक दाणा बाळाकडे जातो. दोन्ही काळे गेले तर बाळ आजारी, एक गेला तर वाहक, एकही नाही गेला तर निरोगी. चारातला एक आजारी, हे समजल्यावर नवरा खूश होऊन म्हणाला, “मग आमचा एक झाला, पुढचे तीन बरे.” ही समजूत मी शेकडो वेळा ऐकली आहे, शिकलेल्यांकडूनही. दर गरोदरपणात दाणे पुन्हा पहिल्यापासून मांडायचे असतात. मागचे मूल आजारी निघाले म्हणून पुढच्याचा धोका कमी होत नाही. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश घेऊन तपासणी करता येते आणि ती मोठ्या शहरात होते हे मी सांगितले. आजार निघाला तर गर्भपात करता येतो हेही सांगितले, आणि करावाच असे नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. मग बाईने विचारले, “हा जो आहे त्याच्या गोळ्या मिळतील ना रोज?” मला त्या क्षणी आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, असे आज आपले पत्र वाचताना वाटले. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले गेले. कार्ड वाटली जातात, तपासण्या होतात, ते चांगलेच आहे. पण जन्मलेल्या मुलाला हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड दर महिन्याला खात्रीने मिळते का, दुखणे उठले की रात्री त्याला उचलून खाली आणायला गाडी मिळते का, यावर ती बाई पुढच्या मुलाचा निर्णय घेत असते. आपण तिला निवडीचे स्वातंत्र्य दिले आणि गोळी दिली नाही, तर ते स्वातंत्र्य तिच्या काय कामाचे?

समाजाची जबाबदारी म्हणतात ती इथे सुरू होते. ती मोठी नाही, पण रोजची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्याही शेतावर जा; बांधावरच्या निंबाला साडीची झोळी बांधलेली दिसते, त्यात सहा महिन्यांचे बाळ असते आणि झोका द्यायला पाच वर्षांची बहीण. ती बहीण त्या दिवशी अंगणवाडीत नसते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, ते योग्यच. वेचणीला किलोच्या दराने जाणाऱ्या बाईला त्यातले काहीच लागू होत नाही. तिला पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात, तेही आधार आणि बँकखाते यांची नावे जुळली तर. माहेरच्या नावाचे आधार आणि सासरच्या नावाचे खाते, या एका कारणाने अडकलेली प्रकरणे आशा ताईंच्या पिशवीत नेहमी सापडतील. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण तीन वर्षांखालील बाळाला दिवसभर ठेवता येईल अशी जागा आपल्या किती गावांत आहे? आपली शाळा पंधरा मुलांवर आली म्हणता, तर तिच्या रिकाम्या पडलेल्या एका खोलीत वेचणीच्या तीन महिन्यांपुरते पाळणाघर चालवता येईल का, हा प्रश्न ग्रामसभेत कोणी मांडला आहे का? मांडणारा माणूस निवृत्त शिक्षक असला तर लोक ऐकतात.

अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवरून आजही बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवतात. ऊसतोडीला जाणारी बाई आठव्या महिन्यातही फडात असते, आणि तिची नोंद इथल्या नर्सबाईंकडे, बाळंतपण मात्र गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात. पुढच्या पिढीबद्दल चिंता करणाऱ्या माणसाने या दोन गोष्टींवर आमदाराला पत्र लिहिले तर सूनबाईंच्या दुसऱ्या मुलापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. (आणि विषय निघालाच आहे तर, रावेर-यावल पट्ट्यात बोअर दर वर्षी किती खोल जाते तेही बघा, येणाऱ्या नातवंडांसाठी पाणी न ठेवता नातवंडे मागणे हे मला कधी समजलेले नाही.)

पुरुषांचा वाटा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, एवढेच सांगते की त्याच राष्ट्रीय पाहणीत देशात कुटुंबनियोजनासाठी स्त्रीनसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषनसबंदीचे ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. ‘अशक्तपणा येतो, औत धरता येत नाही’ हे कारण सांगणाऱ्या नवऱ्याची बायको तिसऱ्या बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी शेतात असते.

पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा भिंतींवर लावलेल्या जाहिरातीत त्यांनी विधवांना सांगितले होते की गुप्तपणे येऊन बाळंत व्हा. मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या खुशीवर, ठेवलेत तर त्याची काळजी आम्ही घेऊ. निर्णय बाईचा, सांभाळ समाजाचा, असे इतक्या स्वच्छपणे लिहिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. तिथे बाळंत झालेल्या एका बाईचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

पुतणीबद्दल थोडक्यात. तिला मूल नको असेल तर तो आजार नव्हे आणि त्यावर उपचार नाही. वयाच्या पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता उतरत जाते आणि टेस्ट ट्यूबच्या उपचारांनी ती हमखास परत येत नाही, ही माहिती तिला असावी. ती एकदा द्यावी, दर दिवाळीला नव्हे. ‘म्हातारपणी कोण बघेल’ हे कारण तिला सांगू नका. मुले असूनही आई-वडिलांना निर्वाहखर्च मिळावा म्हणून २००७ मध्ये कायदा करावा लागला.

राहिल्या सूनबाई. त्यांना ‘समजावून सांगा’ म्हणून माझ्याकडे आणण्याची इच्छा आपण पत्रात व्यक्त केली आहे. तसे करू नका. त्यांचे ‘नाही’ कशाचे आहे हे आपल्याला माहीत आहे का, हे आधी बघा. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव झाला होता का, त्यानंतरचे उदासीचे महिने कोणाच्या लक्षात आले होते का, नोकरीत बढती थांबली का, नातीच्या तापाच्या रात्री किती वेळा आपल्या मुलाने रजा काढली आणि किती वेळा त्यांनी? यांतले काही विचारायचे असेल तर विचारू नका, काम हाती घ्या. मुलांत अंतर किती असावे याबद्दल आम्ही एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी निदान दोन वर्षे सांगतो. आपल्या घरी ते केव्हाच पूर्ण झाले आहे, त्यामुळे अंतराच्या दृष्टीने घाईचे काही नाही. कदाचित दोन वर्षांनी त्या हो म्हणतील, कदाचित नाही म्हणतील, आणि नाही म्हटले तर पाच वर्षांची जी नात आहे तिला संपूर्ण आजोबा मिळतील.

त्यांना स्वतःहून यायचे असेल तर माझी तपासणी सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते एक असते. त्या एकट्या आल्या तर बरे. गर्दी असते, तेव्हा अर्धा दिवस जाईल. नातीला त्या दिवशी शाळेतून आपण आणावे आणि जेवू घालावे.